खेकडा लिहिला म्हणून मार्क गेला

मागच्या अंकात एका फोटोखाली मी सहज एक ओळ टाकली होती, "खेकडा उभयचर नाही बरं का", आणि पुढे दुसऱ्याच विषयावर गेलो. ती एक ओळ चांगलीच भोवली. महिनाभरात जेवढी पत्रं नि मेसेज आले त्यातले निम्मे त्या ओळीवरच, काही रागाचे, काही खरंच कुतूहलाचे, आणि एकात तर नुसता कुर्लीचा फोटो, खाली प्रश्नचिन्ह. तेव्हा ह्या वेळचा अख्खा कॉलम ह्याच एका शब्दाला देतो, आंबा मोहोराच्या तुडतुड्यांवर ज्यांनी विचारलंय त्यांनी महिनाभर थांबा.

सर, माझी मुलगी सहावीला आहे. चाचणीत प्रश्न होता, तीन उभयचर प्राण्यांची नावं लिहा. तिने खेकडा, कासव आणि निवटी लिहिलं. तिन्हीवर फुली. वहीत बरोबर उत्तर म्हणून फक्त 'बेडूक' लिहून दिलंय, का ते कुणी सांगितलं नाही. ती घरी येऊन रडली आणि मला विचारते, आई, खेकडा खाडीत पण असतो आणि पावसात आपल्या पडवीत पण येतो, मग तो उभयचर नाही तर कोण? माझे मिस्टर खाडीत कुर्ल्यांची जाळी टाकतात, ते म्हणाले पोरीचं बरोबर आहे. मला काय सांगावं कळेना.
— एक आई, गुहागर तालुका

ताई, आधी मुलीला सांगा की हेच तिने मराठीच्या पेपरात लिहिलं असतं तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. तिने शब्द फोडला आणि अर्थ लावला, तो बरोबरच लावला. उभय म्हणजे दोन्ही, लग्नपत्रिकेत उभयतांना आशीर्वाद असतात तेच ते, व्याकरणातलं उभयान्वयी अव्यय पण तेच. आणि चर म्हणजे हिंडणारा. आपण मराठीत चरणं गुरांपुरतं ठेवलंय पण संस्कृतात चर् म्हणजे नुसतं फिरणं, म्हणून जलचर, भूचर, खेचर, आणि रात्रीचा फिरतो तो निशाचर. मग पाण्यात पण हिंडतो नि जमिनीवर पण हिंडतो तो उभयचर. ह्या हिशोबाने खेकडा बसतो, कासव बसतं, चिखलावर उड्या मारणारी निवटी तर हमखास बसते, आणि खरं सांगायचं तर तुमचे मिस्टर पण बसतात, पहाटे खाडीत आणि दुपारी पडवीत.

घोळ असा आहे की हा एक शब्द दोन ठिकाणी नोकरी करतो. एकीकडे तो साधं विशेषण आहे, प्राणी काय करतो ते सांगणारं. दुसरीकडे प्राणिशास्त्रात तो एका वर्गाचं नाव आहे, आणि तिथे तो प्राणी काय करतो ते सांगत नाही, कुणाच्या घरचा आहे ते सांगतो. इंग्रजीवाल्यांकडे ह्याला दोन वेगळे शब्द आहेत, वर्गातला प्राणी तो अँफिबियन आणि नुसती दोन्हीकडे वावरायची सवय असली की अँफिबियस, म्हणून त्यांची पोरं थोडी कमी रडतात. आपल्याकडे दोन्हीला उभयचर. नौदलाची जलाश्व बोट, जी 2007 साली अमेरिकेकडून घेतली, तिला पण पेपरवाले उभयचर युद्धनौका म्हणतात, कारण ती समुद्रातून सैनिक नि गाड्या किनाऱ्यावर उतरवू शकते, आता ती काही बेडकाची मावशी नव्हे.

मी कॉलेजात शिकवायचो तेव्हा हे आडनावावरून सांगायचो. आडनाव सुतार असलेला माणूस बँकेत कॅशियर असतो, त्याने आयुष्यात रंधा धरलेला नसतो, आणि ज्याच्याकडून तुम्ही दरवाजा करून घेता त्याचं आडनाव पाटील असतं. दरवाजा चांगला झाला म्हणून पाटलाला आपण सुतारांच्या भावकीत बसवत नाही. वर्गाचं नाव हे आडनाव आहे. कधीतरी, कुठल्यातरी पणजोबाच्या वेळी ते धंद्यावरून पडलं असेल, आता ते रक्ताचं नातं सांगतं, धंदा नाही.

आणि हा घोळ फक्त तुमच्या मुलीने घातलेला नाही, शास्त्रज्ञांच्या बापाने पण घातलाय. प्राण्यांना दोन शब्दी लॅटिन नावं द्यायची पद्धत ज्याने बसवली तो स्वीडनचा लिनिअस, त्याने 1758 साली आपल्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत अँफिबिया नावाचा वर्ग केला. ग्रीक शब्द आहे, अँफी म्हणजे दोन्हीकडे आणि बायोस म्हणजे जगणं. म्हणजे बघा ग्रीकात तो दोन्हीकडे जगतो नि आपल्याकडे दोन्हीकडे हिंडतो, मला आपला शब्द जास्त आवडतो. तर त्या वर्गात लिनिअसने बेडूक घातले ते ठीक, पण सोबत साप, पाली, कासवं, मगरी, आणि एवढ्यावर न थांबता मुशी नि पाकट पण. हो, मुशी म्हणजे शार्क, ज्याला रत्नागिरीपासून खाली आपण मोरी म्हणतो तीच, तिचं नाव त्या यादीत उभयचरांमध्ये! शिवाय ही सगळी जमात त्याला मनापासून नकोशी होती, गार अंगाचे, घाणेरडे, भेसूर आवाजाचे असं काहीबाही लिहून ठेवलंय त्याने. तेव्हा मुलीला सांगा की तिचं कासव अडीचशे वर्षांपूर्वी बरोबर धरलं असतं, तिचा जन्म जरा उशिरा झाला. पुढे लोकांनी ते गाठोडं सोडलं, मासे माशांत गेले, साप पाली कासवं मगरी सरपटणाऱ्यांत गेल्या, आणि जुनी पाटी उरलेल्या बेडूक मंडळींच्या दारावर तशीच राहिली.

आता तिच्या तीन उत्तरांकडे येतो.

खेकड्याचं सोपं आहे. उभयचर वर्ग हा कणा असलेल्या प्राण्यांचा, आणि खेकड्याला कणाच नाही. तुम्ही कुर्ली फोडता तेव्हा हाड कुठे लागतं का? जे कडक आहे ते सगळं बाहेर, आत मऊ. त्याची भावकी म्हणजे कोळंबी, शेवंड, आणि लांबून नातं लावायचं तर झुरळ नि फुलपाखरू. तो पडवीत आला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो, कवचाच्या आत कल्ल्यांची जागा ओली ठेवतो म्हणून त्याचं भागतं, ती सुकली की संपला. मुलगी हुशार असेल तर ती म्हणेल की सर, बेडकाचं पिल्लू जसं वेगळं दिसतं तसं कुर्लीचं पण दिसतं. खरंय, खाडीतली कुर्ली अंडी सोडायला समुद्राकडे जाते आणि तिची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगणारे काटेरी ठिपके असतात, त्यात खेकडा ओळखूच येत नाही. पण त्यावरून नातं लागत नाही, सुरवंटाचं पण फुलपाखरू होतं. आणि व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले, मुठे खेकडे तर तेही करत नाहीत, त्यांची मादी पोटाखालच्या पाळीत अंडी बाळगते आणि त्यातून थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडतात, पावसाळ्यात मुठे धरणाऱ्या कुणालाही विचारा, पोटाची पाळी उघडली की आत पिल्लांचा लगदा दिसतो. तसली मादी सोडून द्यायची असते, जाता जाता सांगून ठेवतो.

कासवाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ह्यात मोठी माणसंही चुकतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले येतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तिथे गावकऱ्यांना घेऊन अंडी राखायचं काम केलं, आता बाहेरून लोक पिल्लं बघायला येतात. त्या कासविणीचं बघा. आयुष्य समुद्रात काढते, नर तर जवळपास कधीच वाळूवर येत नाही, आणि ती मात्र रात्री धापा टाकत भरतीच्या रेषेच्या वर येते, दीड-दोन फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते नि परत जाते. एवढा खटाटोप कशाला? पाण्यात सोडून दिली असती की. पण तिची अंडी पाण्यात गुदमरतात. त्या अंड्याला टरफल आहे, आतलं पिल्लू त्या टरफलातून हवा घेतं, घरट्यात भरतीचं पाणी शिरून राहिलं तर ती वाया जातात, म्हणून तर राखणारे लोक अंडी उचलून वरच्या कुंपणात नेऊन पुरतात. आणि बेडकाचं बरोब्बर उलटं, त्याच्या अंड्याला टरफलच नाही, नुसता चिकट गोळा, तो उन्हात पडला की तासाभरात सुकून पापड. तर कासव पाण्यात राहून अंड्यांसाठी जमिनीवर येतं आणि बेडूक जमिनीवर राहून अंड्यांसाठी पाण्यात जातो. दोघंही उभयचर वाटतात, पण वाटा उलट्या. कासव सरपटणाऱ्यांच्या घरचं, त्याची अंगची कातडी जाड नि कोरडी, श्वास पहिल्या दिवसापासून फुप्फुसाने.

निवटीबद्दल मला स्वतःला वाईट वाटतं. विशेषण म्हणून उभयचर हा शब्द जिला सगळ्यात शोभतो ती हीच. ओहोटीला खाजणात जाऊन बघा, तिवरांच्या मुळांत चिखलावर टुणटुण उड्या मारत असते, डोळे डोक्यावर चढवलेले, दोन निवट्या समोरासमोर आल्या की पंख उभारून भांडण. श्वास ओल्या कातडीतून नि तोंडाच्या आतल्या अस्तरातून घेते, कल्ल्यांच्या खोलीत पाण्याचा घोट साठवते, म्हणून मधेमधे चिखलात लोळून अंग ओलं करते, आणि डोळे ओले ठेवायला चक्क पापण्या मिटल्यासारखे ते आत ओढून घेते. चिखलातल्या बिळात हवेची खोली ठेवून तिथे अंडी घालते. इतकं सगळं करून ती आहे मासा. कल्ले आहेत, पर आहेत, आईबाप मासे. इंग्रजी पुस्तकात तिला अँफिबियस मासा म्हणतात, तिथे तो शब्द चालतो कारण तो विशेषण आहे. तिचे पाव मार्क मी दिले असते, पण मला कोण विचारतो.

सर, माका एक सांगा, बेडूक खाऱ्या पाण्यात कित्याक दिसणा नाय? आमचा घर बंदरार आसा, पावसात अंगणात बेडूकच बेडूक, पण धक्क्यार एकव नाय.
— मालवणहून एक वाचक

झकास प्रश्न. उत्तर त्याच्या कातडीत आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, डबक्यात नुसता बसतो आणि कातडीतून पाणी आत घेतो. श्वासाचा पण मोठा भाग त्याच ओल्या कातडीतून. एवढी झिरपणारी कातडी घेऊन तो समुद्रात उतरला तर पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर जाणार. मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडीला पाणी सुटतं ना, तसं.

म्हणून गंमत बघा, अख्ख्या समुद्रात राहणारा असा एकही उभयचर नाही. साप समुद्रात गेले, कासवं गेली, सस्तन प्राण्यातले डॉल्फिन नि देवमासे गेले, पण उभयचर वर्गाच्या जगात आठ हजारांवर जाती आहेत आणि त्यातली एकही दर्यावर्दी झाली नाही. आपण कोकणातले लोक त्यात फसतो. किनाऱ्यावर उभं राहिलं की पाण्यातून जमिनीवर ये-जा करणारं जे जे दिसतं, खेकडा, कासव, निवटी, खडकावरचे शंख, त्यातलं एकही उभयचर वर्गातलं नाही, आणि जे आहे ते दर्याकडे पाठ करून व्हाळात नि मळ्यात बसलंय.

एक अपवाद सांगतो नाहीतर कुणीतरी पुढच्या महिन्यात पत्र टाकेल. आग्नेय आशियात तिवरांच्या दलदलीत एक बेडूक आहे, त्याला नावच खेकडे खाणारा बेडूक असं पडलंय, तो मचूळ पाणी सोसतो. कसं, तर रक्तात युरिया साठवून ठेवतो, त्याने आतलं द्रव बाहेरच्या खाऱ्या पाण्याच्या बरोबरीचं होतं आणि पाणी सुटत नाही. हीच युक्ती मोरीची. शिळ्या मोरीला तो नाकात चढणारा वास येतो ना, तो ह्याच युरियाचा अमोनिया झाल्याचा, म्हणून आपल्याकडे मोरी ताजी असेल तरच घ्यायची असं म्हातारी माणसं सांगतात. लिनिअसने मोरीला बेडकाच्या पंक्तीला बसवलं होतं, त्याला हे माहीत असायची शक्यता नव्हती, पण योगायोग मजेचा आहे.

वाशिष्ठीतली मगर उभयचर का नाही? ती तर दोन्हीकडे असते आणि चार पायांची पण आहे, म्हणजे कणा पण आला.
— चिपळूण

कासवाला जे उत्तर दिलं तेच. टरफलाची अंडी, कोरडी जाड कातडी, पिल्लू अंड्यातून निघतं ते छोटी मगर म्हणूनच, कल्ले नाहीत नि शेपूट झडणं नाही. ती काठावर ऊन खात पडते ते अंग तापवायला. फोटो काढायला जवळ जाऊ नका एवढं मात्र जोडून सांगतो, मागे तुम्हीच पाठवलेला फोटो फारच जवळून काढलेला वाटला.

आमच्याकडे सड्यावर चिरेखाणीचं काम चालतं. पहिल्या पावसात दगड उलटला की कधी कधी काळपट जांभळट गांडुळासारखं सापडतं, पण ते जाड असतं, गुळगुळीत, आणि हातात घेतलं तर जोर लावून निसटतं. कामगार म्हणतात दोन तोंडाचा साप आहे नि ठेचून टाकतात. हे नक्की काय असतं?
— राजापूर तालुका

ह्या प्रश्नासाठी मी हा कॉलम दोनदा लिहायला तयार आहे. तुम्ही जे सांगताय ते बहुतेक देवगांडूळ. नावात गांडूळ आहे पण गांडूळ नाही, गांडुळाला कणा नसतो नि जबडा नसतो, ह्याला दोन्ही आहे. दिसतो सापासारखा पण साप पण नाही. हा उभयचर, बेडकाचा चुलतभाऊ, आडनावाने अस्सल उभयचर! पाय नाहीत, अंगावर वळी असतात, डोळे जवळजवळ निकामी, काही जातींत तर कवटीच्या हाडाखाली झाकलेले, आणि डोळा नि नाकपुडी ह्यांच्या मधे एक बारीक स्पर्शिका असते, तिने तो मातीत वास घेत फिरतो. गांडुळं, वाळवी असलं खातो. विष टोचायला दात वगैरे काही नाही, शेपूट आखूड नि बोथट म्हणून लोकांना दोन तोंडं वाटतात. त्याला मारायचं काही म्हणजे काही कारण नाही, उलट तुमच्या मातीत तो आहे म्हणजे माती चांगली ओली नि भुसभुशीत आहे.

आणि आता ऐका. रत्नागिरी जिल्ह्यात डोर्ले नावाचं गाव आहे. तिथून सापडलेल्या देवगांडुळाला 2003 साली शास्त्रात नवीन जात म्हणून नाव मिळालं, गेजेनिओफिस शेषाचारी, शेषाचार हे देवगांडुळांवर काम केलेले आपले भारतीय प्राणिशास्त्रज्ञ, त्यांच्या नावावरून. पुढे 2008 मध्ये कळलं की ह्याची मादी अंडी घालतच नाही, पिल्लंच जन्माला घालते. देवगांडुळांत पिल्लं देणारा म्हणून सगळ्या आशिया खंडात नोंद झालेला हा पहिला. कोकणातल्या मातीतला, दगडाखाली राहणारा, लोक साप समजून ठेचतात तो.

आता गुहागरच्या त्या मुलीने हे वाचावं म्हणून सांगतो, हा प्राणी पाण्यात जात नाही. अंडी पाण्यात नाहीत, कल्लेवालं पिल्लू डबक्यात पोहत नाही, सगळं आयुष्य मातीत. म्हणजे तिचा खेकडा दोन्हीकडे हिंडून उभयचर नाही आणि हा एकीकडेच राहून उभयचर आहे. बँकेतला सुतार तो हाच. एकटा पण नाही, आंबोलीकडे झुडपांवर नखाएवढे बेडूक असतात, त्यातल्या काही जातींत बेडकाचं पोर पाण्यात पोहतच नाही, ओल्या जागी घातलेल्या अंड्यातच त्याचं सगळं रूपांतर उरकतं आणि बाहेर येतो तो तयार बेडूक, माशीएवढा. पाठ्यपुस्तकातलं ते गोल चित्र, अंडी, मग शेपटीवालं, मग पायवालं, मग बेडूक, ते ह्यांना लागू नाही.

चिरेखाणीवरच्या माणसांना सांगता आलं तर एवढं सांगा, दिसला की फावड्यावर उचलून बाजूच्या ओल्या पाल्यात टाका. हात कोरडे असतील तर हाताने धरू नका, त्याच्या कातडीला त्रास होतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तुमचं म्हणणं पटतं पण वर्गात पस्तीस मुलं, वेळ अर्धा तास, मग उभयचर शिकवायचं कसं? जमिनीवर आणि पाण्यात राहतो तो उभयचर, हे एक वाक्य मुलांच्या लक्षात तरी राहतं.
— दापोलीकडची एक शिक्षिका

बाई, लक्षात राहतं हे खरंय आणि तेच तर दुखणं आहे, त्या एका वाक्याने मुलं खेकडा लिहितात नि मग आपणच फुली मारतो. माझं म्हणणं, प्रश्न बदला. "उभयचर प्राणी लिहा" असं न विचारता "उभयचर वर्गातला एक प्राणी लिहा" असं विचारा, एका शब्दाने पाटी बदलते. आणि नुसत्या सवयीबद्दल बोलायचं असेल तर आपल्याकडे जलस्थलचर हा शब्द आहे की, जरा लांब आहे, पण कुर्लीला, निवटीला, पाणमांजराला लावा, कुणाचं काही बिघडत नाही.

पोरांना आधी फसव्या नावांचा खेळ द्या, त्यांना आवडतो, मी खूप वर्षं केलाय. खवले मांजर हे मांजर आहे का? पाणमांजर? तारामासा मासा आहे का, देवमासा? पाणघोडा घोडा आहे का? सरपटणारे प्राणी म्हणतो त्या वर्गात मगर आहे, ती पोट उचलून बऱ्यापैकी धावते. दहा मिनिटांत पोरांना कळतं की प्राण्याचं नाव म्हणजे त्याची जन्मपत्रिका नव्हे. मग बेडूक आणा. बाटलीत नको, जूनमध्ये शाळेच्या मागे घेऊन जा. आम्ही कॉलेजात बेडूक ताटलीत टाचण्या टोचून शिकवायचो, ते बंद झालं हे फार बरं झालं, इतके बेडूक कापले पण बेडकाचं ओरडणं कुठल्या जातीचं कुठलं हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

उदाहरणांत सॅलमँडर लिहून देता ना पोरांना, तर तो आपल्या महाराष्ट्रात कुठेच नाही हेही सांगा. दार्जिलिंगकडच्या डोंगरात आहे. मागे मी इथेच "आपल्याकडे सॅलमँडर नाही" असं मोघम लिहिलं होतं, त्यावर त्या भागात नोकरी केलेल्या एका वाचकाने तळ्यात पाहिल्याचं कळवलं, त्यांचं बरोबर, आपल्याकडे म्हणजे कोकणात असं मला म्हणायचं होतं पण छापलं गेलं ते चुकलंच.

पहिल्या पावसात मळ्यात हळदीसारखे पिवळेधमक बेडूक दिसतात, दोनच दिवस. ते विषारी असतात का? आमच्याकडचे काही लोक रात्री बॅटरी घेऊन धरायला जातात.
— सावंतवाडी तालुका

विषारी नाहीत, नवरदेव आहेत. आपला मोठा बैलबेडूक तो, एरवी हिरवट तपकिरी असतो, मृगाच्या पावसात नर पिवळा होतो नि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या, त्या फुगवून रात्रभर हाका. माद्या आल्या, अंडी पडली, की रंग उतरतो, म्हणून तुम्हाला दोनच दिवस दिसतो.

बॅटरी घेऊन जाणाऱ्यांना सांगा की तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गोव्यात त्याला जंपिंग चिकन असं गोंडस नाव आहे, नाव गोंडस केलं तरी केस व्हायची ती होतेच. आपल्या देशातून बेडकाच्या तंगड्या एकेकाळी परदेशात जायच्या, 1987 साली सरकारने ती निर्यात बंद केली. आणि अक्कल बघा लोकांची, जो नर नेमका त्या दोन रात्री ओरडून स्वतःची जागा सांगतो, तोच धरायचा, मग पुढच्या साली मळा गप्प का म्हणून विचारायचं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर अख्खं सूक्त आहे, पाऊस पडल्यावर ते एकामागून एक ओरडतात ते पाठ म्हणणाऱ्या ब्राह्मणांसारखं ऐकू येतं असं त्यात म्हटलंय, आमच्या घरामागच्या चोंढ्यात मी दर जूनमध्ये ते ऐकतो नि मला तरी ते सभेतल्या भांडणासारखंच वाटतं.

कुर्लीचा नुसता फोटो पाठवणाऱ्यांना: उत्तर वर दिलंय. आणि कुर्ली भरलेली दिसतेय, नांग्या बांधून घ्या आधी.